सोसायटीला कोणी विचारलंच नव्हतं

या वेळचं पत्र :

ताई, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचते पण मला स्वतःला लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी ४८ वर्षांची आहे, बाणेरच्या एका आयटी कंपनीत एचआरला आहे, राहायला कर्वेनगरला. वारज्यात आमचा एक वन बीएचके आहे, तो भाड्याने देतो. मागच्या महिन्यात ब्रोकरने एक मुलगी आणली, सव्वीस-सत्तावीसची, लातूरकडची, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, सभ्य, नीटनेटकी, बोलणं एकदम स्वच्छ. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, आणि करारासाठी आधार कार्ड मागितलं तर त्यावर मुलाचं नाव आणि मुलाचा फोटो. तिने शांतपणे सांगितलं की मी ट्रान्स आहे, कागदपत्रं बदलायचं काम चालू आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, 'मला काही प्रॉब्लेम नाही गं, पण आमच्या सोसायटीत फक्त फॅमिलीलाच देतात.' ती 'ठीक आहे मॅडम' म्हणाली आणि जिना उतरून गेली. माझी मुलगी बरोबर होती, १९ वर्षांची आहे. गाडीत बसल्यावर म्हणाली, 'आई, याआधी तिथे दोन बॅचलर मुलं राहत होती.' तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

ताई, मी तशी नाहीये हो. ऑफिसात जूनमध्ये प्राइड मंथचं, म्हणजे समलैंगिक आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांसाठी पाळतात त्या महिन्याचं, सेशन मीच ठेवते. आमच्या वास्तुशांतीला तृतीयपंथी आले होते तेव्हा मी स्वतः साडी-नारळ दिला होता, त्यांनी दिलेलं नाणं अजून पर्समध्ये जपून ठेवलंय. २००३ ला आम्ही नांदेडहून आलो तेव्हा आम्हालाही घर मिळत नव्हतं, लोक आडनाव विचारायचे आणि मग 'कळवतो' म्हणायचे, ते मी विसरलेली नाही. नवरा म्हणतो फ्लॅट आपला आहे, कोणाला द्यायचा ते आपण ठरवणार. आणि खरं सांगू का, विचार केल्यावर तो मला जरा जास्तच कॉन्फिडंट वाटला, काहीतरी लपवणारा वाटला, उद्या त्याच्याकडे कोण कोण येईल सांगता येत नाही, सोसायटीत लहान मुलं आहेत, सासूबाई काय म्हणतील. म्हणजे केलं ते बरोबरच केलं असंही वाटतं आणि रात्री झोपही लागत नाही. फ्लॅट अजून रिकामाच आहे. मी ढोंगी आहे का?
एक वाचक, कर्वेनगर

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आहे 'मी ढोंगी आहे का', आणि नेमकं त्याचंच उत्तर मी देणार नाहीये. उत्तर हो असलं काय आणि नाही असलं काय, त्या मुलीच्या घराचा प्रश्न तिथेच राहतो. आपण चांगले की वाईट याचा विचार करत रात्रभर कूस बदलणं त्रासाचं असतं हे मला कळतं, पण त्या सगळ्या विचारात ती मुलगी कुठेच नसते, आपणच असतो फक्त. म्हणून आधी काय झालं ते सरळ मांडू.

तुम्ही तिला सोसायटीचं नाव सांगितलंत. सोसायटीला तुम्ही विचारलंच नव्हतं. सेक्रेटरीला फोन नाही, कमिटीला मेसेज नाही. सासूबाई काय म्हणतील असं लिहिलंय पण सासूबाईंना अजून काही माहितीच नाहीये. लहान मुलांचं लिहिलंय, त्यातल्या एकाही मुलाच्या आईशी तुमचं या विषयावर बोलणं झालेलं नाही. नवऱ्याचं मत आहे पण ते घरी आल्यावरचं, तोवर ती मुलगी जिना उतरून गेली होती. म्हणजे निर्णय तुमचा एकटीचा आणि त्याच्याखाली सह्या चार-पाच जणांच्या, आणि त्यांना कोणालाच पत्ता नाही. तुम्हाला टोचायला हे लिहीत नाहीये. आपल्या पुण्यात घर नाकारायची रीतच ही आहे, 'मला काही नाही हो, पण...' असं म्हटलं की नाकारणारा माणूसच सापडत नाही. घरमालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी मेंबरांकडे, मेंबर घरातल्या म्हाताऱ्यांकडे, आणि ज्याला नाही म्हटलंय त्याला भांडायलाही समोर कोणी उरत नाही, तो आपला 'ठीक आहे मॅडम' म्हणतो आणि पुढच्या ब्रोकरला फोन लावतो.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी बहुतेक तुमच्या लक्षात आलेली नाही. पत्राच्या सुरुवातीला ती मुलगी सभ्य आहे, नीटनेटकी आहे, बोलणं एकदम स्वच्छ आहे. शेवटाकडे येईपर्यंत ती जास्तच कॉन्फिडंट झालीये, लपवाछपवी करणारी झालीये, आणि सुरुवातीला 'ती' होती तिचा शेवटी 'तो' झालाय. मधल्या काळात तुम्ही तिला भेटला नाहीत, फोनवर बोलला नाहीत, तिच्याबद्दल कोणाकडून काही ऐकलं नाहीत. नवीन काहीही कळलेलं नसताना मत मात्र बदललं. ते कशाने बदललं? आणि लपवण्याचंच म्हणाल तर तिने आधार कार्ड स्वतःच्या हाताने तुम्हाला दिलं, समोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या खोलीत खरं बोलणारी तीच होती.

हे जे तुमच्या डोक्यात चाललंय त्याला मानसशास्त्रात कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात. एचआरला आहात म्हणजे ट्रेनिंगमध्ये हा शब्द कानावरून गेला असेल, पण बऱ्याचदा तो 'बोलतात एक, करतात एक' एवढ्याच अर्थाने वापरतात आणि खरी गोष्ट राहूनच जाते. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये ही मांडणी केली. त्याचं म्हणणं असं की आपलं मत आणि आपली कृती जुळली नाही की आत एक बेचैनी तयार होते, माणसाला ती फार वेळ सहन होत नाही, मग दोन्हीपैकी एक काहीतरी हलतं. कृती तर होऊन गेलेली असते, ती मागे घेणं अवघड आणि लाजेचं, म्हणून बहुतेक वेळा गुपचूप मत सरकतं. १९५९ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी कार्लस्मिथ याने एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं, फळीवरच्या खुंट्या फिरवत बसायचं वगैरे, आणि नंतर सांगितलं की बाहेर पुढचा माणूस बसलाय त्याला सांग की काम मजेशीर आहे. असं खोटं बोलायचे काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १ डॉलर. मग खरं मत विचारलं तर २० डॉलरवाले म्हणाले काम रटाळच होतं, आणि १ डॉलरवाले म्हणायला लागले की तसं बरं होतं हो, मजा आली. २० डॉलरवाल्याकडे स्वतःला सांगायला कारण होतं की पैशासाठी खोटं बोललो. १ डॉलरवाल्याकडे कारणच नव्हतं, म्हणून त्याच्या मनाने कामच चांगलं करून टाकलं.

तुमचं त्या १ डॉलरवाल्यासारखं झालंय. तुमच्यावर कोणी दबाव आणला असता, सेक्रेटरी दारात येऊन भांडला असता, तर आज तुम्ही म्हणाला असता की माझा नाइलाज झाला, मुलगी चांगली होती. पण कोणीच काही म्हटलं नव्हतं. तुम्ही दोन सेकंदांत घाबरून एक खोटं बोललात, आणि त्याला पुरेसं कारण सापडत नाहीये म्हणून मन कारण बनवायला बसलंय आणि कारण बनवायला हाताशी ती मुलगीच आहे. म्हणून ती दिवसेंदिवस वाईट होत चाललीये. अजून दोन महिने असेच गेले तर ती तुमच्या आठवणीत पुरती संशयास्पद बाई झालेली असेल, तुम्हाला झोपही छान लागायला लागेल, आणि पुढच्या जूनच्या सेशनला तुम्ही उभ्या राहाल तेव्हा आत कुठेतरी 'तसं बघितलं तर या लोकांचंही चुकतं' असं बसलेलं असेल. झोप लागत नाहीये ही आत्ताची तुमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, ती जायच्या आत काहीतरी करा.

आपल्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे आणि ते पुण्याचंच आहे. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या चळवळीत पुढे होते. १८७३ मध्ये त्यांची पहिली बायको वारली, सगळ्यांना वाटलं आता हे विधवेशी लग्न करून दाखवतील, आणि वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी नावं ठेवली, ठेवायलाच हवी होती, ते लग्न समर्थनीय नव्हतंच. पण त्यानंतर त्यांना एक वाट अगदी सोपी होती, विधवाविवाहाचं इतकं काही अडलेलं नाही, समाज अजून तयार नाही, असं हळूहळू म्हणायला लागायचं. मत कृतीपर्यंत खाली आणायचं. ते त्यांनी केलं नाही. घरच्या बायकांचा विरोध असताना त्या मुलीला शिकवलं, आणि त्याच रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, ज्यातून कितीतरी विधवा आणि गरीब बायका शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. रानड्यांची चूक त्याने पुसली जात नाही. पण मत आणि वागणं जुळत नसताना हलायचं कोणी, मताने की वागण्याने, एवढं माणसाच्या हातात असतं हे त्यातून दिसतं. आणि अगदी आत्ताचं उदाहरण हवं असेल तर २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे एकमेकींवर प्रेम असलेल्या, घरातून पळून आलेल्या दोन मुलींची केस आली, तेव्हा त्यांनी आदेशातच लिहिलं की या विषयावर माझे स्वतःचे पूर्वग्रह आहेत, आणि ते निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं, आणि मग जो आदेश दिला तो देशभरात एलजीबीटी, म्हणजे समलैंगिक आणि तृतीयपंथी लोकांच्या बाजूने वापरला गेला. हायकोर्टाच्या न्यायाधीशाला 'मला माहीत नाही' म्हणता येतं तर आपल्याला का येऊ नये.

त्या नाण्याबद्दल बोलायचंय. तुम्ही ते चांगुलपणाचा पुरावा म्हणून लिहिलंय आणि तुमची त्यामागची भावना खरी आहे यात मला शंका नाही. आपल्याकडे वास्तुशांतीला, बारशाला, लग्नाला त्यांचा आशीर्वाद लागतो, त्यांचा शाप लागू नये म्हणून जीव घाबरतो, नेवाशाला मोहिनीराजापुढे हात जोडतो, अर्धनारीनटेश्वराचा फोटो देवघरात असतो. पण बघा ना, त्या दिवशी ते दाराबाहेर उभे होते, आशीर्वाद दिला, साडी-नारळ घेतला, गेले. ते आपल्याला चालतं. ही मुलगी म्हणत होती की मी दर महिन्याला भाडं देते आणि दाराच्या आत राहते, सकाळी कंपनीत जाते, संध्याकाळी येऊन कुकर लावते. तिथे अडलं. म्हणजे पाया पडणं आणि हाकलणं यात आपल्याला वाटतो तेवढा फरक नाहीये, दोन्हीत ती व्यक्ती दाराबाहेरच राहते. तिला आशीर्वाद द्यायची ताकद आहे असं मानायला आपण तयार आहोत पण तिला गॅसचं कनेक्शन लागतं, पार्सल घ्यायला पत्ता लागतो, हे मानायला तयार नाही. नाणं ठेवा जपून, त्याला माझं काही म्हणणं नाही, फक्त हिशोबात ते धरू नका.

'त्याच्याकडे कोण कोण येईल' हे वाक्य तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर सिग्नल होता, बरोबर ना? पुण्यात कोणाच्याही डोळ्यांसमोर तोच येतो, कारण तृतीयपंथी माणूस आपल्याला भेटतो तोच मुळात सिग्नलला नाहीतर लोकलमध्ये. पण सिग्नलला ती माणसं का उभी असतात याचा विचार करा. १८७१ च्या इंग्रजांच्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टमध्ये त्यांची नावं सरकारी रजिस्टरला चढवायची तरतूद होती, म्हणजे काही न करता संशयित. इंग्रज गेले, तो संशय आपल्याकडेच ठेवून गेले. घरातून हाकललं, शाळेत चिडवून चिडवून शाळा सुटली, नोकरी नाही, घर नाही, मग उरलं काय. आता थोडं थोडं दार उघडतंय, पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि स्वच्छतेवर लक्ष ठेवणारे ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने राज्य सरकारला पोलीस भरतीत त्यांच्यासाठी सोय करायला लावली, आणि त्याच्याही आधी २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं, आपण ज्याला खेडं म्हणतो त्या गावाने. पण ड्युटी संपल्यावर माणसाला झोपायला जागा लागते. नोकरी मिळाली आणि घर मिळालं नाही तर ती नोकरी किती दिवस टिकेल? तुमच्याकडे आलेली मुलगी शिकली, नोकरीला लागली, लातूरहून इथवर आली, सिग्नलवर न उभं राहण्यासाठी माणसाने जे जे करायचं ते सगळं तिने केलं, आणि तरी आपण तिला सिग्नलवरूनच ओळखलं. त्या दोन बॅचलर मुलांकडे कोण कोण येतं हे तुम्ही कधी विचारलं होतंत?

लहान मुलांचं मी पटकन संपवते. सोसायटीतल्या मुलांना एक बाई दिसेल, खांद्याला लॅपटॉपची बॅग, सकाळी कंपनीच्या बसची वाट बघणारी. त्यांनी काही विचारलं तर खरं सांगायचं, मुलांना ते आपल्यापेक्षा लवकर कळतं.

कायद्याचं सांगायलाच हवं, कारण तुमचे मिस्टर म्हणतात फ्लॅट आपला, आपण ठरवणार. फ्लॅट तुमचाच आहे. पण २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा जो कायदा आहे, १० जानेवारी २०२० पासून लागू झालेला, त्याच्या कलम ३ मध्ये भेदभाव कुठे करायचा नाही त्याची यादी आहे, शिक्षण, नोकरी, दवाखाना, आणि त्यातच घर घेणं, भाड्याने घेणं, राहणं हेही स्पष्ट लिहिलंय. त्याच्याही आधी १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की आपली लिंगओळख काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. आधारवर जुनं नाव असणं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणं नव्हे, आधार वेगळं, पॅन वेगळं, बँक वेगळी, दहावी-बारावीची सर्टिफिकेटं आणखी वेगळी, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चकरा, त्यात महिनेच्या महिने जातात. करार आजच्या कागदपत्रांवरच्या नावाने होऊ शकतो, पोलीस व्हेरिफिकेशन त्याच कागदांवर होतं, आणि घरात हाक मारायची ती ती सांगेल त्या नावाने. यात अवघड काही नाही.

सोसायटीचंही तेच. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं असतं आणि लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, हे अशासाठी सांगते की त्रास द्यायचा झाला की आधी ते वाढवतात. सेक्रेटरीने काही काढलंच तर लांबलचक समजावत बसू नका, एवढंच म्हणा, 'माझी भाडेकरू आहे, कागदपत्रं दिलीयेत, काही तक्रार असेल तर लेखी द्या.' भाडेकरू ट्रान्स आहे म्हणून नको, असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायला फार थोडे लोक तयार होतात. आणि ती कोण आहे हे सोसायटीभर तुम्ही सांगत फिरू नका, चांगल्या हेतूनेही नाही. ते सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं.

आता मुख्य काम. ब्रोकरकडून तिचा नंबर घ्या आणि स्वतः फोन करा, ब्रोकरकडून निरोप नको. फोनवर काय बोलायचं तेही लिहून देते कारण आयत्या वेळी आपण भलतंच बोलत सुटतो. 'त्या दिवशी मी खोटं बोलले. सोसायटीने नाही म्हटलेलं नव्हतं, मीच म्हटलं होतं. माझी चूक झाली. फ्लॅट अजून रिकामा आहे, ठरलं होतं तेच भाडं आणि तेच डिपॉझिट, तुम्हाला हवा असेल तर माझी तयारी आहे.' बस. प्राइड मंथचं सेशन सांगू नका, नाण्याचं सांगू नका, मला रात्र-रात्र झोप येत नाही हे तर अजिबात सांगू नका, नाहीतर तुमची समजूत काढायचं कामही तिच्यावरच पडेल. माफ केलंस ना, असं विचारू नका. ती चिडली तर ऐकून घ्या. ती 'नको' म्हणाली तर ते तिचं उत्तर आहे, का म्हणून विचारायचं नाही. आणि ती हो म्हणाली तर जास्तीच्या अटी नाहीत, पाहुणे आणू नका, लाइट दहाला बंद, असलं काही त्या मुलांना नव्हतं ते हिलाही नाही.

हे सगळं मनापासून वाटत नसताना केलं तर तेही ढोंगच नाही का, असं तुम्ही म्हणाल. नाही. फेस्टिंगरचंच उलटं लावा. वाईट वागल्यावर मत वाईटाकडे सरकतं तसंच नीट वागल्यावर मत हळूहळू तिकडेही सरकतं. ती तिथे राहायला लागली, दर महिन्याला भाडं येत राहिलं, बेसिनचा नळ गळतोय म्हणून तिचा मेसेज आला आणि तुम्ही प्लंबर पाठवलात, असं सहा महिने चाललं की भीतीला जागाच उरत नाही. आधी मन साफ होईल आणि मग वागणं बदलू, असं म्हणून थांबलात तर आयुष्यभर थांबाल.

मिस्टरांशी वाद घालू नका, कायदा तर पहिल्यांदा काढूच नका. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघांनी मायामीत एक अभ्यास केला होता, २०१६ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आला. कार्यकर्ते घरोघरी जाऊन ट्रान्स लोकांबद्दल साधारण १० मिनिटं बोलायचे, पण भाषण नाही, समोरच्यालाच विचारायचे की तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कोणी कधी वाईट वागवलंय का, आणि त्यांना बोलू द्यायचे. त्या १० मिनिटांनी कमी झालेला पूर्वग्रह ३ महिन्यांनी परत तपासला तेव्हाही कमीच होता. तुमच्याकडे तर ते बोलणं तयारच आहे. २००३ मध्ये नांदेडहून येऊन तुम्ही दोघं घरं बघत फिरत होता, आडनाव विचारून लोक 'कळवतो' म्हणायचे. तुम्ही ते पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. एक दिवस जेवणं झाल्यावर मिस्टरांना विचारा, त्या वेळी कोणत्या घराचं जास्त लागलं होतं? जिना उतरताना आपण काय बोललो होतो? त्यांना सांगू द्या. मधे मधे 'मग बघा, हेच तर' असं करू नका. ते स्वतः त्या मुलीपर्यंत येतात का बघा, बहुतेक येतील. आणि नाही आले तरी फ्लॅट तुमच्या दोघांचा आहे, तुमच्याही मताला तेवढंच वजन आहे, तेव्हा मग काढा कलम ३.

स्वतःच्या मुलीसाठी हे करू नका. तिचा अबोला सुटावा म्हणून फोन केलात तर ती बोलायला लागल्यावर ती भाडेकरू परत नकोशी होईल. फोन करा, आणि झाल्यावर मुलीला एका वाक्यात सांगा, बास. तिचं चुकत नाहीये, तिने तुम्हाला खरं तेच सांगितलं, पण तीही त्या खोलीत होती आणि ती मुलगी समोर असताना गप्प बसली, बोलली ती गाडीत. हे तिला टोमणा म्हणून ऐकवू नका, पण कधी ती स्वतः शांतपणे बोलायला लागली तर दोघींनी मिळून बोलण्यासारखी गोष्ट आहे, की त्या क्षणाला दोघींचीही जीभ का उचलली नाही.

आणि समजा फोन केला आणि कळलं की तिला दुसरीकडे घर मिळालंय, तर काम संपलं असं समजू नका. ब्रोकरला सांगून ठेवा की या फ्लॅटला ट्रान्स भाडेकरू चालेल, ब्रोकरांना अशी घरं कुठे आहेत ते माहीतच नसतं म्हणून ते आधीच नाही म्हणून टाकतात. आणि तुम्ही एचआरला आहात, तुमच्या हातात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, तुमच्याकडे नेमलाय का, त्याचं नाव कर्मचाऱ्यांना माहीत आहे का ते बघा. कागदपत्रं बदलेपर्यंत आयडी कार्डवर आणि ईमेलवर माणसाला स्वतःचं नाव वापरता येतं का ते बघा. आणि घर मिळत नसलेल्या कर्मचाऱ्यासाठी कंपनी स्वतःच्या नावाने लीज करून देऊ शकते, मोठ्या साहेबांसाठी कंपन्या ते सर्रास करतात, ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी का नाही. या जूनमध्ये सेशनला बाहेरचा पाहुणा बोलवायच्या ऐवजी ही तीन कामं मंजूर करून घ्या.

कायद्याच्या कागदांचं काही अडलं तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा विधी सेवेचा देशभरचा हेल्पलाइन नंबर, तो त्या मुलीलाही उपयोगी पडेल. पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२ मध्ये या विषयात काम सुरू केलं, तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर अशा संस्थेत विचारा. पण ते सगळं नंतर, आधी ब्रोकरला फोन करून नंबर घ्या, फ्लॅट रिकामा आहे तोवर.